गाडी तुमची, नंबर रस्त्याचा

‘रोख पैसे मोजलेत, नंबर माझा. तो कसा लिहायचा ते मी ठरवणार.’ चॉइस नंबरच्या पाटीबद्दल कुणी हरकत घेतली की हे उत्तर तयार असतं. मागोमाग बाकीची उत्तरंही येतात. सरकारला उत्पन्न मिळतं. कुणाचं काही नुकसान होत नाही. परदेशात तर लोक गाडीवर सरळ स्वतःचं नाव लावतात. आणि उठून दिसणारा नंबर लोकांच्या लक्षात राहतो, मग त्यात वाईट काय? असं बोलणारी माणसं वाईट नाहीत. वर्षानुवर्षं पैसे साठवून गाडी घेतलेल्या माणसाला मुलीच्या जन्मतारखेचा, श्रद्धेचा किंवा बेरीज नऊ येणारा नंबर हवासा वाटला, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. तो नंबर त्याने रीतसर घ्यावा आणि नियमाप्रमाणे लावावा. माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते वरच्या पहिल्या वाक्याशी, कारण ते खोटं आहे आणि बाकीचे सगळे युक्तिवाद त्याच्याच आधारावर उभे आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी अधिकारी गाडीला क्रमांक नेमून देतो. मालक तो विकत घेत नाही. पसंतीच्या क्रमांकासाठी आपण जे भरतो ते शुल्क असतं. मालिकेत अजून कुणाला न दिलेला एखादा क्रमांक आपल्या गाडीसाठी राखून ठेवला जातो, एवढाच त्याचा अर्थ. त्याच क्रमांकावर दोन अर्ज आले तर पाकिटातून बोली मागवतात आणि ज्याची रक्कम जास्त त्याला तो मिळतो. इथे बोली लागते ती ‘आधी कुणाला’ यासाठी. हीच गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. विकत घेतलेलं घड्याळ बेळगावला गेलं म्हणून हातातून काढून घेत नाहीत. नंबर मात्र जातो, कारण तो कधीच आपला नव्हता.

मग तो कुणाचा? गाडीवर पाटी आली कशासाठी, हे पाहिलं की उत्तर मिळतं. १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने फर्मान काढलं की प्रत्येक मोटारगाडीवर धातूची पाटी हवी आणि तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि परवानगीचा क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत हवा. घोडागाड्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या गर्दीत हे नवं वेगवान यंत्र घुसलं होतं. ते कुणाला धडकून निघून गेलं तर शोधायचं कसं, हा प्रश्न होता. न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये वेगळा मार्ग धरला. मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरं गाडीच्या मागे लावायची आणि पाटीही त्यानेच करून आणायची. एकाच आद्याक्षरांची माणसं भराभर निघू लागली आणि १९०३ पासून राज्याने क्रमांक देणं सुरू केलं. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून क्रमांक सक्तीचे झाले. तेव्हा गाडीवर आपलं नाव लिहिण्याची कल्पना काही आधुनिक नाही. ती मोटारीच्या बाळपणीच वापरून झाली आणि टाकून दिली गेली. पाटी वाचणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता, हे त्याचं कारण. पाटी लिहिली जाते ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी. मालकाला आपली गाडी ओळखायला पाटी लागत नाही.

हा अनोळखी माणूस कोण, ते आता नीट पाहू, कारण ‘कुणाचं काय नुकसान होतं?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ‘हिट अँड रन’चे ६७ हजारांहून अधिक अपघात झाले आणि त्यांत ३० हजारांहून अधिक माणसं मेली. गाडी धडकली, गाडी निघून गेली, माणूस रस्त्यावर राहिला. गाडीचा पत्ता लागलाच नाही, तर त्याच्या घरच्यांना केंद्राच्या योजनेतून २ लाख रुपये मिळतात. गंभीर जखमीला ५० हजार. हे आकडे एप्रिल २०२२ पासूनचे. त्याआधी मृत्यूला २५ हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार होते.

गाडीचा पत्ता लागला तर? कलम १६४ खाली, चालकाचा दोष सिद्ध करत न बसताही, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली दावा लावला तर मृताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून भरपाई ठरते आणि ती विमा कंपनीला द्यावी लागते. तिशीतला कमावता माणूस गेला असेल, मागे बायको, दोन मुलं, आई-वडील असतील, तर ही रक्कम अनेक लाखांत जाते. दोन लाख की मुलांची शिक्षणं पुरी होतील एवढी रक्कम, यातला फरक बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतो. रस्त्याकडेच्या पानवाल्याने, मागच्या रिक्षावाल्याने किंवा चौकातल्या कॅमेऱ्याने तो नंबर वाचला का?

वाचायला वेळ किती असतो, याचाही विचार करा. ताशी ६० किलोमीटरने पळणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. धडकेचा आवाज ऐकून मान वळवणाऱ्या माणसाच्या हाती दोन-तीन सेकंद असतात, तेही दिवसाउजेडी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले ५० आणि ५१ हे नियम या दोन-तीन सेकंदांसाठी आहेत. चारचाकीवरची अक्षरं आणि आकडे ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, मधली जागा १० मिलिमीटर. अक्षरं इंग्रजी, आकडे जगभर चालतात ते. हे नियम म्हणजे कुणा बाबूचा हट्ट नव्हे.

आता ‘दादा’च्या पाटीकडे येऊ. ४१४१ हा नंबर घ्यायचा, इंग्रजी चाराला शेपूट फोडून त्याचा ‘द’ करायचा, एकाचा काना करायचा. २१४ चा ‘राम’. ८०५५ चा इंग्रजी ‘बॉस’. काका, मामा, भाऊ, आडनावं, सगळ्यांची गणितं रेडियम कापणाऱ्यांना पाठ आहेत. आकड्यांचं नाव करताना ते मोठे होतात आणि एमएच, जिल्ह्याचा क्रमांक व मालिकेची अक्षरं कोपऱ्यात दिसेनात इतकी बारीक होतात. इथे ‘उठून दिसणारा नंबर लक्षात राहतो’ हा युक्तिवाद तपासून पाहा. साक्षीदाराच्या लक्षात काय राहतं? ‘पांढरी गाडी होती, मागे दादा लिहिलं होतं.’ ही साक्ष घेऊन पोलिसांनी जायचं कुठे? प्रत्येक मालिकेत एक ४१४१ असतो. एका आरटीओत एक मालिका संपली की दुसरी लागते. पुण्याच्या एमएच १२ मध्ये आजवर अशा कितीतरी मालिका होऊन गेल्या. गाडी हुडकायची तर ती मधली अक्षरं लागतात, आणि नेमकी तीच बारीक केलेली असतात. नियमाप्रमाणे लिहिलेला ९९९९ लक्षात राहायला सोपा असतो, हे मी बिनतक्रार मान्य करतो. पण तो फायदा नियमाच्या अक्षरांत लिहिलेल्या नंबराचा आहे. नंबराचं नाव केलं की तो फायदा तिथेच संपतो.

कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे नंबर वाचून ई-चलान पाठवतात. त्यांना ‘द’ आणि काना यांची ओळख नाही. पाटी वाचता आली नाही तर तो मालक सुटतो, चुकीची वाचली गेली तर भलत्याच माणसाच्या मोबाइलवर दंडाचा संदेश येतो. ज्याने कधी लोणावळा ओलांडलं नाही त्याने मग चौकीवर खेटे घालायचे आणि गाडी आपली नव्हती हे सिद्ध करत बसायचं. ‘कुणाचं काही नुकसान होत नाही’ म्हणणाऱ्यांनी अशा एका माणसाशी पाच मिनिटं बोलावं.

इथे कुणी मराठीचा अभिमान पुढे करतो. आपल्या राज्यात आपल्या लिपीत पाटी का नको? देवनागरीवर माझंही प्रेम आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, हे मी हट्टाने म्हणत आलो आहे. पण सोलापूरच्या रस्त्यावर कन्नड ट्रकचालकानेही धडकून पळालेली गाडी पाहिलेली असू शकते, नागपूरजवळ तेलुगू बोलणाऱ्याने, मुंबईत बंगाली कामगाराने. त्याची साक्ष आपल्याच माणसाच्या उपयोगी पडणार असते. देवनागरीला ४१४१ मधून ‘दादा’ काढून मोठेपण मिळत नाही.

उत्पन्नाचा मुद्दा वरवर भारदस्त दिसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले. चारचाकीच्या ०००१ साठी ३ लाखांचे ५ लाख झाले. मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागात ४ चे ६ लाख. चालू मालिका सोडून दुसऱ्या मालिकेतला ०००१ हवा असेल तर तिप्पट, म्हणजे या भागांत १८ लाख. ज्याला परवडतं त्याने सरकारी तिजोरीत पैसे भरावेत, त्यातून रस्ते होतील, दवाखाने होतील, असं म्हणतात. पैसा तिजोरीत येतो हे खरं. पण याच देशाच्या कायद्यात बेपत्ता गाडीखाली मेलेल्या माणसासाठी २ लाख लिहिलेले आहेत. मुंबईतल्या एका ०००१ च्या दरात अशी तीन मरणं बसतात. एवढ्या पैशाने सरकारचं भलं होतं म्हणणाऱ्याने तो पैसा कुठे गेला हेही विचारायला हवं. हाँगकाँगमध्ये पारंपरिक खास क्रमांकांच्या लिलावाचा पैसा १९७३ पासून समाजकल्याणाच्या लॉटरीज फंडात जातो. आपल्याकडे असा कुठलाही धागा बांधलेला नाही.

शिवाय या बोलीच्या पैशाचा भरवसा किती, तेही दिसून आलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात एचआर ८८ बी ८८८८ या क्रमांकाला १ कोटी १७ लाखांची बोली लागली, देशभर बातम्या झाल्या आणि बोली लावणाऱ्याने मुदतीत पैसेच भरले नाहीत.

परदेशाचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए ही सरकारी संस्था १९८९ पासून खास क्रमांक विकते. नोंदणी झालेल्या गाडीचा जुना क्रमांक बदलून आपल्या पसंतीचा लावता येतो, गाडी विकताना क्रमांक काढून स्वतःकडे राखता येतो, दुसऱ्या गाडीवर चढवता येतो. तिथल्या नातेवाइकांकडून हे ऐकून आलेले लोक इथे विचारतात, आपल्याकडे अशी सोय का नाही? पण ते अर्धंच सांगतात. तिथे खास क्रमांकालाही अक्षरांचं ठरलेलं वळण सक्तीचं आहे, ठरलेली मापं आहेत, ठरलेलं अंतर आहे. जुनी गाडी नवी भासेल असा क्रमांक लावताच येत नाही. दोन अक्षरांमधली जागा सरकवून नाव जुळवलं, खिळा योग्य जागी मारून आकड्याचं अक्षर केलं, तर एक हजार पाउंडांपर्यंत दंड होतो, वार्षिक तपासणीत गाडी नापास होते आणि क्रमांक परत घेतला जाऊ शकतो. हौसेने, लिलावात, हजारो पाउंड मोजून घेतलेला क्रमांकसुद्धा. ब्रिटनचा दाखला ‘दादा’च्या पाटीच्या बाजूने देता येत नाही. तो तिच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

आपल्याकडे दंड किती? कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत. ज्याने नंबरासाठी लाख मोजले त्याला ५०० रुपयांची भीती वाटेल, अशी अपेक्षा कुणी कशी करावी? चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला तर पाटीवरचं ‘दादा’ वाचून हा कुणाचा तरी माणूस असेल असं वाटायला हवं, हाच त्या पाटीचा हेतू असतो. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. माझा राग मुख्यतः इथे आहे. लोकांना ओळख पटवून देण्यासाठी कायद्याने लावलेली पाटी कायदा लांब ठेवण्यासाठी वापरली जाते.

‘आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आली, प्रश्न मिटला’ असंही ऐकू येतं. ती पाटी चांगली आहे. ॲल्युमिनियमची, आकडे ठोकून उठवलेले, निळ्या अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, एकदा बसवलं की मोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती मुळातच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी, असा दर ठरवला आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवून दिली. सामान्य माणूस केंद्रांवर तारखा घेत फिरला, त्याने पाटी लावली. आणि नव्या कोऱ्या गाडीवरची एचएसआरपी उपटून तिथे रेडियमची पाटी लावणारे, किंवा खरी पाटी डिकीत ठेवणारे? ते कुठल्याही शहरात दिसतात. पाटी आल्याने प्रश्न मिटत नाही. ती काढणाऱ्याचं काही बिघडतं का, यावर तो मिटेल की नाही ते ठरतं.

‘खड्डे बुजवा आधी, मग पाट्यांचं बोला’ हे आणखी एक. खड्डे बुजवलेच पाहिजेत. पाटी नियमाप्रमाणे लावायला मात्र डांबर लागत नाही.

२०२४ च्या त्याच फेरबदलात एक गोष्ट दरवाढीच्या बातम्यांखाली दडून गेली. पसंतीचा क्रमांक पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावावर करून देण्याची मुभा आली. आधी ती नव्हती. दर वाढवले यावर माझा आक्षेप नाही, आणखी वाढवा. पण ही मुभा मला घातक वाटते, कारण तिने ‘नंबर माझा’ या खोट्या वाक्याला सरकारी शिक्का दिला. घर, शेत, दागिने वारसाने जातात. नोंदणी क्रमांक हे राज्याने एका गाडीची ओळख म्हणून दिलेलं चिन्ह आहे, ते घराण्याची इस्टेट कसं होईल? बापाचा ०००१ मुलाकडे गेला की गावात त्या क्रमांकाची गाडी कुठल्या घराची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून जातं. मग ती अडवायची कुणी?

उलट दिशेचं उदाहरण आपल्याच केंद्र सरकारने घालून दिलं आहे. बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका आली. तिच्यात क्रमांक संगणक देतो. पसंती नाही, बोली नाही. राज्य बदललं तरी क्रमांक बदलत नाही. सैनिक, केंद्र सरकारचे कर्मचारी, बँकांतले अधिकारी या क्रमांकावर देशभर गाड्या चालवतात आणि मिळेल त्या आकड्याने कुणाची प्रतिष्ठा गेल्याचं ऐकिवात नाही.

चॉइस नंबर बंदच करा, असं मी म्हणत नाही. हौस राहू द्या, तिचे पैसेही घ्या. पण परिवहन खात्याने या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा बेपत्ता गाड्यांखाली मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांच्या घरांसाठी बांधून द्यावा, आणि तो किती झाला हे दरवर्षी जाहीर करावं. पसंतीच्या क्रमांकाची पाटी बिघडवलेली सापडली तर ५०० रुपयांवर सोडू नये. पहिल्यांदा ताकीद द्यावी, दुसऱ्यांदा क्रमांक काढून घेऊन मालिकेतला पुढचा साधा क्रमांक द्यावा, शुल्क परत न करता. तशी अट अर्जावरच लिहून सही घेतली तर उद्या कोर्टात कुणाला तक्रार करायला जागा राहणार नाही. वारसाची मुभा मागे घ्यावी. आणि ‘दादा’ कापून देणाऱ्या रेडियमवाल्याच्या दुकानापासून कारवाईची सुरुवात करू नये. तो पोटासाठी करतो. सुरुवात आमदार-नगरसेवकांच्या घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांपासून करावी.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तुमच्या दारात अशी पाटी लावलेली गाडी असेल, तुमची, भावाची, मुलाची, तर तिच्यामागे दहा पावलांवर उभे राहा आणि नंबर पुरा वाचता येतो का पाहा, एमएचपासून शेवटच्या आकड्यापर्यंत. येत नसेल तर ती पाटी याच आठवड्यात उतरवा आणि एचएसआरपी बसवून घ्या.